बारवर सांगितलेली शेवटची हाक

हडर्सफील्ड, डिसेंबर १९६५

विल्फ्रेड,

फाशीच्या चौथऱ्यावरची, पायाखाली उघडणारी ओक लाकडाची झडप मी केली. तिच्या बिजागऱ्या, खटका, मनगटं बांधायचा मऊ चामड्याचा पट्टा, सगळं माझ्या हातचं. कुणी शिकवलं नाही, तरी झडप कधी अडली नाही. तू नुसता जल्लादाचा मदतनीस.

आता फाशी बंद झाली आणि तू पब काढलास. आतलं बाहेर बोलायचं नाही, अशी दोघांनी शपथ घेतली होती. तरी गिऱ्हाइकं जमवायला तू सांगत सुटलास, की डेनिस प्राउटने फाशी जाताना शेवटी आईला हाक मारली. हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तेही तू बारवर वाचून दाखवशील.

तुरुंगाच्या पाद्र्याने डेनिसच्या आईला 'शांतपणे गेला' असं सांगितलं होतं. काल ती माझ्या दारात उभी होती.

"आर्थर, तू तिथे होतास ना? तुझा भाऊ बिअर ओतताना सांगतो ते खरं का रे?"

"विल्फ्रेड लहानपणापासून थापाड्या आहे, मिसेस प्राउट. डेनिस काही बोलला नाही."

तुझ्यापायी मला खोटं बोलावं लागलं.

ती गेल्यावर तू पाठवलेला बातमीदार आला. त्याला तुझ्या गोष्टीला दुसरा साक्षीदार हवा होता. मी नाही म्हटलं. दोनशे पौंड देत होता.

आर्थर