सत्तावन्न शब्द

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, म्हणून पत्र. तुझी भिंगरी मजेत आहे. खोकला गेला, केस कापून घेतलेत, आणि आता अगदी माझ्या पोटच्या पोरीसारखी हक्कानं माझ्या कपाटात नाक खुपसते.

शाळेत मी सिनेमा क्लब काढलाय, ते तुला ठाऊक आहेच. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला चित्रकलेच्या वर्गाला काळे पडदे लावतो आणि कुठल्या कुठल्या देशांतले सिनेमे बघतो. मग पोरांनी परीक्षण लिहायचं. माझे नियम कडक. सगळी गोष्ट सांगत बसायचं नाही, नुसतं ‘छान होता’ चालणार नाही, आपलं घर मध्ये घुसडायचं नाही. शब्द तीनशेच्या आत, आणि मोजून आकडा वर लिहायचा. अठ्ठावीस पोरांत आपली भिंगरी पहिली! तिचं परीक्षण मी टाइप करून भित्तिपत्रकावर लावलं. प्रत सोबत आहे.

एक मागणं आहे. ठरल्याप्रमाणे ती एप्रिलात तुझ्याकडे परत यायची. पण आणखी दोन वर्षं राहू दे ना तिला माझ्याकडे. हाताला आत्ता कुठे वळण लागतंय.

लोभ आहेच, तो होकारासकट यावा.

तुझी,
धाकटी


१६ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद (आज जरा हात आखडून).

पोटच्या पोरीसारखी म्हणे! पोट कुणाचं होतं, बाई? आणि तिनं केस कापले, हे मला पत्रातून कळावं?

परीक्षण वाचलं. शेवट असा: ‘ही आई मुलीला काहीच विचारत नाही. एका घरात राहून दोघी एकमेकींना पाहुण्या आहेत.’ वा! दिवसभर चष्म्याच्या काचा बसवून मी घरी यायचे, तेव्हा तोंड उघडायचं त्राण नसायचं. ते आता भित्तिपत्रकावर लागलं होय? दुकानातल्या कारागिरानं डोळे का लाल म्हणून विचारलं. काचेचा कण गेला म्हणून सांगितलं.

दोन वर्षं विसर. एप्रिल उजाडला की मी तिला न्यायला येते.

लोभाचं नंतर बघू.

ताई


२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, ती सिनेमातली आई आहे! पडद्यावरची, परक्या मुलखातली! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

खरं सांगू? लहानपणी सगळ्या शाबासक्या तुझ्या वहीवर. लग्न तुझं, लेक तुझी. आता कुठे एका गोष्टीत माझं नाव निघालं, तर तुला मिरच्या झोंबल्या.

तुझा लोभ अजून असेल तर कळव.

धाकटी


२७ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हो, झोंबल्या. मला तुझा हेवा वाटतो. सकाळी उठून ती पहिलं तोंड तुझं बघते. झालं समाधान?

पण मी मापानं काचा बसवणारी बाई आहे. परीक्षणाच्या वर २९८ शब्द लिहिलेत. मी मोजले, भरले २४१. पुन्हा मोजले. मग कारागिराला मोजायला लावले. भिंगरी मोजण्यात चुकायची नाही, तेवढी तरी ती माझी आहे.

सत्तावन्न शब्द कुठे गेले?

उत्तर आल्याखेरीज लोभ नाही.

ताई


४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चोरी पचली नाही. तिचा मूळ शेवट मी खोडला, आणि टाइप करताना वरचा आकडा तसाच राहिला. भिंगरीला सांगितलं, घर मध्ये आणलंस, नियमात बसत नाही. पण त्याच आठवड्यात एका मुलानं आपल्या आजोबांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी राहू दिल्या. म्हणजे नियम नव्हता तो. जळफळाट होता.

सिनेमात एक बाई फुटलेली बशी जोडते. सहा मिनिटं नुसते तिचे हात दिसतात. त्यावर भिंगरीनं लिहिलं होतं ते हे:

‘हा प्रसंग लांबला, असं सगळे म्हणाले. मला नाही वाटलं. माझी आई चष्म्याच्या दुकानात काम करते. काच फ्रेममध्ये बसवताना ती श्वास रोखून धरते. लहानपणी मी टेबलाखाली बसून तिच्याबरोबर श्वास धरायचे आणि काच बसली की दोघी एकदम सोडायचो. पडद्यावरच्या बाईनं फुटलेली बशी जोडताना श्वास धरला, तेव्हा वर्गात मी एकटीनंच धरला. शेजारी बसलेल्या कोणालाच कळलं नाही. हे आमच्या दोघींचंच आहे.’

शेजारी मीच बसले होते, ताई. दीड वर्ष तिचं सगळं करतेय, आणि मला कळलं नाही. कुठे राहायचंय म्हणून काल तिला विचारलं. आई म्हणेल तिथे, म्हणाली. विचारसुद्धा करावा लागला नाही तिला.

एप्रिलात ये आणि घेऊन जा.

लोभ मागायला तोंड नाही.

धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी पुरेपूर.

दुकानातच वाचलं आणि दुपारभर एक काच धड बसली नाही. मेले, तुला चांगली बदडायला हवी होती. बदडेन, भेटलीस की.

तिला दोन वर्षं तिथेच ठेव. माझ्याजवळ राहिली असती, तर हे मला कधी सांगितलं नसतं तिनं. तुझ्या क्लबात बसली म्हणून लिहिलं. हे कबूल करताना किती जड जातंय ते माझं मला माहीत. पण यापुढचं तिचं प्रत्येक परीक्षण तिच्या अक्षरात, तुझा हात न लागता, आधी माझ्याकडे यायला हवं.

आणि शेजारी बसून कळलं नाही म्हणून रडू नकोस. मी काम करताना श्वास धरते, हे मलाच ठाऊक नव्हतं. आज कारागिराला विचारलं, तर म्हणाला, धरता की, रोजच. टेबलाखाली ती गुपचूप का बसायची, तेही मला आत्ता कळतंय. मला वाटायचं, पेंगतेय.

ती समजते की ते श्वास धरणं मलाही माहीत होतं. तसंच समजू दे. तिला यातलं काही सांगू नकोस.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही जपून ठेव.

ताई