टूल एकदा ठरू दे

सोमवार, ३ तारीख. सकाळी ९.
साहेबांचा फोन. गोदामवाल्या बाईंना नेमकं कसलं सॉफ्टवेअर हवंय, ती यादी त्यांच्या सहीसकट शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर टीम लीडची खुर्ची टेस्टरला. टेस्टरला! माझ्या हाताखाली चौघं, चार गावांत. मी घरून. आधी सगळे एका टूलवर यायला हवेत. यादी काय, तासाभराचं काम.
संकल्प : या आठवड्यात चिडायचं नाही.

सोमवार, ११.४०.
चॅटला एक टूल, कामांना दुसरं, आकृत्यांना तिसरं. डिझायनरने विचारलं, बाईंना सरळ फोनच केला तर? कीबोर्ड भिंतीवर आपटला. रागाने नव्हे. जुनाच होता.

मंगळवार.
बाईंना ११४ प्रश्नांचा फॉर्म पाठवला. त्यांनीच फोन करून सांगितलं, कुठला माल कुठल्या फळीवर आहे एवढं कळलं तरी पुरे. मी म्हटलं, तोंडी चालत नाही, फॉर्म भरा. त्यांनी फोन आपटला. काही लोकांना स्वतःवर ताबाच नसतो. कपाटाला लाथ घातली. अंगठा सुजला, दार निखळलं. बरोबरीत सुटलो.

बुधवार.
चौथं टूल. व्हिडिओ मीटिंग. टेस्टर म्हणाला, बाईंचं फळीचं म्हणणं लिहून घेऊ का? टूल न ठरता लिहिणार कुठे, माझ्या टाळक्यावर? हेडफोन मोडला. मॉनिटरला ठोसा दिला. मॉनिटर टिकला नाही, हातही नाही. बायको मुलीला घेऊन निमूट बाहेर गेली. बिचारीला आवाज सोसत नाही.

गुरुवार. (डाव्या हाताने. उजवा प्लास्टरमध्ये.)
पाचवं टूल. हेच ते! निनावी चिठ्ठ्यांचा बोर्ड. नाव दिसत नाही म्हणून माणूस खरं लिहितो. प्रश्न एकच : ‘इथे सर्वांत आधी कशाची गरज आहे?’ बायकोने तिच्या लॅपटॉपवर टाइप करून दिला. चौघं, बाई, साहेब, सहा जणांना लिंकही तिनेच पाठवली. संसारात अशी साथ हवी.

शुक्रवार, संध्याकाळी ५.
पद्धत कमालीची यशस्वी. सहाही जणांनी लिहिलं, मतभेद शून्य. सहाही चिठ्ठ्यांवर : लीड बदला.
साहेबांनी लगेच बदलला. टेस्टरने बाईंना फोन केला, दहा मिनिटांत यादी, सही.
फेकायला खोलीत काही उरलेलं नाही.

५.२०.
बोर्डवर सातवी चिठ्ठी आलीय. ‘त्याच्या खोलीला बाहेरून कडी.’
जाब विचारायला उठलो. दार उघडेना.