आत्यांची मापं

सोम., १२ जाने.
सातलाच तळ्याकाठच्या चिंचांखाली. वानरं बावीस. काल चोवीस मोजली होती, म्हणजे दोन माझ्या झोपेतली. तुटक्या शेपटीच्या लांडीनं म्हाताऱ्या वानरीच्या हातची चिंच ओढली, म्हातारीनं तिला शेंड्यापर्यंत पळवलं. मग दोघी पाठमोऱ्या. मानवशास्त्राच्या मॅडमचा नियम: कोण आधी जवळ गेलं ते लिहा, का गेलं ते लिहू नका. दीड तास थांबले, कोणीच गेलं नाही.
थंडी, डास, तरी झकास. बत्तिसाव्या वर्षी झाडाकडं बघत बसायचा अभ्यास मिळालाय, अजून काय पाहिजे! हे रेल्वेत कुर्डुवाडीला, सुट्टीपुरते घरी; आत्या माळशिरसहून येऊन राहिल्यात, चिऊला सांभाळतात, म्हणून ही चैन. एरवी सासू सुनेला अशी मोकळी सोडते होय?
संध्याकाळी वर्गातल्या सुरेखाला फोन. प्रॅक्टिकलच्या यादीत साठीपुढची एक बाई कमी पडतेय. म्हटलं, "आमच्या आत्या आहेत की. उद्या काढते त्यांची मापं, सोडत नाही."

मंगळ., १३ जाने.
भोगी. आत्यांनी तीळ लावून भाकरी थापल्या, माझं ताट वाढलं आणि आत गेल्या. "भूक न्हाय." 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं दरवर्षी ऐकवणारी बाई उपाशी! ताप नाही. मापाचा विषय काढलाच नाही.

बुध., १४ जाने.
आत्यांनी तिळगूळ हातावर ठेवला. 'गोड बोला' म्हणाल्याच नाहीत. चिऊ ओरडली, "आज्जी, गोड बोला राह्यलं की!"
मग फुटलं सगळं. "तुज्या आईलाच सांग. मैतरणीला फोनवर सांगती, सासूची मापं काढती, सोडत न्हाय म्हनून! आजपतुर माजी मापं कुनी काढली न्हाईत. तुज्या आज्ज्यानं बी न्हाय."
आणि मी हसले. तिथंच घोळ झाला. कॅलिपर आणून दाखवला, डोक्याची रुंदी, नाकाची लांबी, सगळं समजावलं. "म्हंजी माजं नाक बी काढनार व्हय!"
पिशवी भरली. ऐतवारी पोरगा कुर्डुवाडीला निघाला की त्याच्यासंगं जाती म्हणाल्या.
त्या गेल्या तर सकाळची वानरं बंद, प्रोजेक्ट बुडाला. पण दुपारभर खुपत राहिलं ते वेगळंच. त्या दुखावल्या आणि मी हसले.

शुक्र., १६ जाने.
आज पुन्हा त्याच दोघी, पुन्हा चिंचेवरून. पण या वेळी म्हातारी आपणहून खाली आली. आधी हातभर लांब बसली. मग सरकली, लांडीच्या पाठीचे केस विंचरत बसली. अकरा मि. नोंद केली. 'का' लिहावंसं फार वाटलं. नाही लिहिलं.
घरी आत्यांजवळ पावटा सोलायला बसले. "चुकलं आत्या. मोजायचं म्हणायचं होतं, तोंडातून भलतंच गेलं. हसायला तर नकोच होतं."
"हं."
पावट्याची टोपली मात्र मधोमध सरकवली.

रवि., १८ जाने.
हे काल आले, आज चार वीसच्या गाडीनं परत. आईबायकोच्या मध्ये पडायचं नाही, एवढं रेल्वेत शिकलेत. पिशवी सकाळपासून दाराशी.
जेवणं झाल्यावर आत्या तेलाची वाटी घेऊन आल्या. "बस हितं. झाडाखाली बसून बसून केसाचं पार गवात झालंय."
बसले. तेल लावून विंचरू लागल्या. सवयीनं घड्याळ बघितलं आणि रडू आलं, ते त्यांना दिसलं नसावं. नऊ मि. झाल्यावर पाठीमागून,
"आगं, ती डोस्क्याची रुंदी... केसावरनंच घेत्यात, का केसं दाबून?"
"दाबून."
"मग आंबाडा सोडाया लागंल की."
नोंद: आधी जवळ आल्या त्या. का, ते लिहायचं नाही.
पावणेचार. हे बूट शोधतायत. अंबाडा अजून बांधलेलाच आहे, आणि पिशवीही.