‘मोना सध्या सुखरूप आहे’ या नोंदीबाबत

प्रति,
मा. मुख्य संपादक,
सर्वधर्म संतचरित्र कोश (संकेतस्थळ विभाग),
कोल्हापूर.

अर्जदार : सौ. शालूबाई हिंदुराव चौगले, अंगणवाडी सेविका, मु. पो. कारवीवाडी, ता. राधानगरी.

विषय : सिस्टर ब्रिजिता यांच्या नोंदीतील ‘मोना सध्या सुखरूप आहे’ हे वाक्य दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज व त्यावर आपल्या कार्यालयाने ‘तटस्थता व स्रोत’ या धोरणानुसार दिलेली उत्तरे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सिस्टर ब्रिजिता या कॅथलिक सिस्टर आमच्या भागात दवाखाना चालवीत होत्या. त्यांच्या निधनानंतर त्यांना संतपद मिळावे म्हणून चर्चची चौकशी चालू आहे. आपल्या कोशात त्यांच्या नावाखाली असे लिहिले आहे : ‘चार वर्षांच्या मोना चौगले हिचा रक्ताचा असाध्य आजार सिस्टरांच्या कबरीपाशी केलेल्या प्रार्थनेने बरा झाला. मोना सध्या सुखरूप आहे.’ यातील दुसरे वाक्य खोटे आहे. मोना वारली. अर्जदार तिची आई आहे.

२. कबरीपाशी अर्जदार स्वतः गेली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. बुडत्याला काडीचा आधार. डॉक्टरांचे औषध चालू होते, घरचे देव करून झाले होते, म्हणून मेणबत्ती घेऊन तिथेही गेली. त्यानंतर ताप उतरला. पोर भाकरी मागू लागली, वासराच्या मागे पळू लागली. त्याच दिवसांत चर्चने स्मरणिका काढली व त्यात हे छापून आले. पुढे भातकापणीच्या सुमारास दुखणे उलटले, तेव्हा कोणी काही छापले नाही. आपण स्मरणिका वाचून लिहिलेत, त्यात आपला दोष नाही.

३. अर्जदाराच्या पहिल्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडला होता. तो ‘अप्रकाशित कागद’ ठरवून वर्तमानपत्राचे कात्रण मागण्यात आले. महोदय, आमच्याकडे पेपरात निधनाची बातमी देतात ती रक्षाविसर्जनाची वेळ कळावी म्हणून. दुधाचे दात न पडलेल्या लेकराला आम्ही अग्नी देत नाही, शेताच्या बांधाला पुरतो. जिथे रक्षाच नाही तिथे विसर्जनाची बातमी कोण देणार? चौकात फलकसुद्धा लावत नाहीत. इतक्या लहान लेकराचे जाणे आमच्यात कुठे छापण्याची रीतच नाही.

४. आपल्या कार्यालयातील राजवीर साहेब फोनवर म्हणाले, “काकू, आमास्नी पटतंय की. पर आई म्हंजे हितसंबंधी व्यक्ती. तिला तटस्थ धरता येत न्हाय.” साहेबांचे बोलणे खरे आहे. अर्जदार तटस्थ नाही. चर्चच्या फादरांनी घरी येऊन, ओसरीवर बसून डोळे पुसले व चूक झाल्याचे पत्र लिहून दिले. ते पाठवले, तर फादरही तटस्थ नाहीत असे उत्तर आले. मग मोनाच्या बाबतीत तटस्थ कोण, हे कृपया कळवावे.

५. तिसऱ्या अर्जानंतर मात्र नोंदीत बदल झाला. आता तिथे असे आहे : ‘मोना सध्या सुखरूप आहे. काहींच्या मते तिचे निधन झाले असून याबाबत मतभेद आहेत.’ महोदय, मतभेद कोणाचे? घरात अर्जदार व तिचे यजमान अशी दोनच माणसे उरली आहेत आणि दोघांचेही मत एकच आहे. ते वाचून यजमान जेवणावरून उठून गोठ्यात जाऊन बसले.

६. तरीही अर्जदार गप्प राहिली असती. परंतु मागील आठवड्यात पेठ वडगावची रुबीना नावाची बाई मोबाइलवर आपले पान वाचून, आजारी लेकराला कडेवर घेऊन दारात आली. म्हणाली, “मावशी, मोनाला बघायचंय. तिचा हात माझ्या अझीमच्या डोक्यावर एकदा ठिवू द्या की.” त्या लेकराचे डोके औषधाने मोनासारखेच गुळगुळीत झाले होते. अर्जदाराला खरे बोलवेना. “शाळंला गेलीया,” असे सांगितले. चहा केला, डॉक्टरचं औषध अजिबात सोडू नकोस म्हणून बजावले आणि वाटेला लावले.

७. सबब विनंती अशी की, नोंदीतले पहिले वाक्य तसेच ठेवावे. सिस्टरांवर अर्जदाराचा राग नाही. ते चार चांगले महिने औषधाने दिले की कबरीने, मला माहीत नाही, पण पोर पळत होती हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्यापुढे ‘नंतर मोना वारली’ एवढेच लिहावे आणि ‘काहींच्या मते’ काढून टाकावे. मी कागदावर लिहू शकते, पण दुसऱ्या आईच्या तोंडावर मला ते सांगता येत नाही. म्हणून तुम्ही लिहा.

रुबीना येत्या रविवारी पुन्हा येणार आहे. त्या दिवशी मोनाला शाळेची सुट्टी असेल, असे तिने धरले आहे. त्याच्या आत दुरुस्ती व्हावी.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सौ. शालूबाई हिंदुराव चौगले
(मोनाची आई)

कारवीवाडी, दि. ९ जुलै २०२५