मीठ मागायची शाळा

प्रिय उम्मी,

तुला मराठी येत नव्हतं, आणि वाचता तर अरबीही येत नव्हतं. तरी लिहिते. काल मस्कतहून तुझ्या मरियमचा फोन आला. "उम्मी गेली," म्हणाली आणि रडायलाच लागली. इकडं शेवगावात मी फोन कानाला लावून नुसती उभी! मीठ, पाणी, औषध, सगळं तू मला अरबीत मागायला शिकवलंस. तू गेल्यावर तुझ्या लेकीला काय म्हणायचं, ते का नाही शिकवलंस गं?

मस्कतला तुला सांभाळायला आले होते मी. वाटलं, खुणांवर भागेल. पण तू लई वस्ताद! मिठाची बरणी मांडीवर घेऊन बसायचीस, आणि मी तिच्याकडं बोट दाखवलं की डोळे मिटून घ्यायचीस.

"अगं म्हातारे, भाजी करपली, मीठ दे की!" मी मराठीत ओरडायची.

मिटल्या डोळ्यांनीच तू म्हणायचीस, "मिल्ह."

"मिल्ह, मिल्ह! दे आता!"

मग डोळे उघडायचे, बरणी मिळायची. शाळा मी चौथीतच सोडली होती. पुढची तुझ्या ओट्यापाशी भरली.

मी एका दमात बोलायची, चुकायची, भांडं आपटायची. तू म्हणायचीस, "श्वै श्वै." हळूहळू. आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणून घ्यायचीस. माझ्या आईनंसुद्धा माझ्यापुढं एवढा धीर धरला नाही. पण मला हळू हळू म्हणणारी तूच एवढी घाईनं का गेलीस? मी येणार होते ना भेटायला!

ती पहिल्या दिवसाची कॉफी आठवते? छोट्या फिंजानात, त्या बिनकानाच्या कपात, तू ओतलीस, मी संपवली. तू परत ओतलीस. आमच्याकडं पाहुण्यानं नको म्हटलं तरी वाढतात, म्हणून मीही नको म्हणायला लाजले. कडू जहर! पोट टम्म झालं तरी तू ओततेच आहेस. शेवटी मी काकुळतीनं बघितलं, तेव्हा तू माझं मनगट धरून रिकामं फिंजान हलवलंस. हलवलं की पुरे, न हलवलं की अजून पाहिजे. एवढं साधं! खोकला लागेस्तोवर हसलीस.

पुढं मी मासळीवाल्याशी अरबीत भांडायला लागले, तर तू चाकाच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्यास. परक्या मुलखात मला बोलतं तोंड दिलंस तू. नाहीतर बोट दाखवूनच दिवस काढले असते मी.

आणि रोज दुपारी, मला जेवताना बघूनसुद्धा विचारायचीस, "अकलती?" जेवलीस का?

काल मरियम रडत होती आणि माझ्या तोंडात तेवढाच शब्द आला. "अकलती?" तिचं रडणं एकदम थांबलं. मला वाटलं, चुकलं माझं. मग म्हणाली, "नाही. आज कुणी विचारलंच नाही."

"मग ऊठ," मी अरबीत म्हणाले. "आधी खा. मी थांबते फोनवर." थांबले. घास चावल्याचा आवाज येईपर्यंत थांबले.

उम्मी, आता दर शुक्रवारी मी तिला फोन करणार. चुकेन, अडेन, पण विचारल्याशिवाय राहणार नाही.

निघताना तू पिशवीत घातलेल्या फिंजानात आज कॉफी घेतली. कडूच लागली. संपवली, आणि न हलवता तुझ्या बाजूला सरकवून ठेवली आहे.

तुझी,
अलका