कोणी आजारी नसताना

प्रिय आईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. टाचा जरा दुखतात, पण बाबांना सांगू नकोस.

सध्या घरोघर जाऊन विचारते, बाजारात रोज दिसणारं काय तुम्ही कधीच चाखलं नाही, आणि का. यावरून बायकांच्या आहाराची योजना ठरणार आहे, म्हणून मी जीव लावून करते. चाळीस बायकांच्या नावांपुढे मी लिहिलं, "सफरचंद: आवडत नाही." आमच्या कचेरीतल्या मोठ्या बाईंनी सगळे कागद परत केले. "पदवी घेतलीस ना? न चाखताच आवडत नाही? जा परत!"

मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं. आपल्या घरी तूही तेच म्हणतेस.

म्हणून पुन्हा तेच चाळीस जिने. काल इस्त्रीवाल्या मावशी हसत म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे सफरचंद येतं ते दुखणेकऱ्यासाठी. मी मेली कधी आजारीच पडले नाही!" मीही हसले. मग खाली येताना पायरीवरच बसून राहिले.

आपल्याकडेही ते कुणाला ताप आला की यायचं. आणि तू अंथरूण धरल्याचं मला आठवत नाही. खरं सांग, चाखलं आहेस का?

दादाचा खोकला गेला का? गेला असला तरी एक सफरचंद आण. फोडी करून वाटत बसू नकोस, अख्खं तू खा. त्यानंतर आवडलं नाही म्हणालीस, तर खरं मानेन.

तुझी दमलेली, पण धडधाकट
लेक