काळी मेंढी अडली त्या दिवशी

॥ बिरोबा प्रसन्न ॥
शिक्रापूर,
रविवार, ८ जून २००३

तीर्थरूप आण्णास, धाकट्या गिताचा पाया पडून नमस्कार.

इकडं आम्ही सारी बरी हाय. तुझ्या पायाचं प्लास्टर काढलं का? वहिनीची कंबर कशी हाय?

पगे, बापाला तूच वाचून दाखवत असशील. मोठ्यानं वाच. मी बोलल्यासारखंच लिहितीय. बाप मधी काय बी म्हणाला तरी थांबू नको, शेवटपर्यंत जा.

आमच्या हायवेला ट्रकांचा नुसता धुरळा. वरच्या खोलीत बिहारची चार पोरं भाड्यानं राहत्यात. मला "मौसी" म्हणत्यात, माझ्या पिठल्याला नावं ठेवत्यात आन् पातेलं चाटूनपुसून ठेवत्यात. अंगणवाडीत औंदा एकतीस पोरं हायत. आपली धनश्री नर्स झाली, तिला ड्युटी लागली. हे कंपनीतून मोकळे झालेत आन् दिवसभर माझ्या चुलीपाशी लुडबुडत्यात.

झाली खबर. आता ज्यासाठी कागद घेतला ते.

गेल्या महिन्यात मी पाटसला आले ते तुझ्या पगीला, प्रगतीला मागायला. सातवी पास झाली, पहिल्या तिनात आली, आता आठवीला शिक्रापुरात माझ्याकडं राहू दे म्हणाले. तू म्हणालास, "मेंढरं कोण वळणार? माझा पाय हा असा. आन् शाळा आपल्या नशिबात न्हाई गिते. तुझ्या कपाळी पाटी, माझ्या कपाळी काठी. देवानं लिहिलं ते लिहिलं." मी तशीच उठले. तुला वाटलं रागावली. रागानं न्हाई उठले, आण्णा. लाज वाटली म्हणून उठले.

सत्तर सालचा जून आठवतो? तळेगाव ढमढेऱ्याला एका बागायतदाराच्या रानात खतासाठी आपली मेंढरं बसवली होती. सकाळी निघायचं होतं, घोड्यावर बिऱ्हाड लादून झालं होतं. आन् काळी मेंढी विताना अडली. आबा तिच्यापाशी बसले म्हणून आपण थांबलो. न्हाईतर उन्हं वर यायच्या आत आपण भीमेच्या अंगाला गेलो असतो.

तेवढ्यात सायकलवरनं गुरुजी आले, पटनोंदणी करत. शाळेत पोरं घाला म्हणून आबांच्या मागंच लागले. मामा तळेगावातच राहायचा, एक पोर ठेवून घेतो म्हणून त्यानं आधीच सांगितलं होतं. आबा हातातलं काम न सोडता तुझंच नाव घेऊन म्हणाले, "थोरला हुशार हाय. तात्याबाचं नाव घाला." आन् मला म्हणाले, "गिते, पळ, आण्णाला बोलावून आण."

तुला आजवर सांगितलं ते एवढंच, की तू लांब गेला होतास, म्हणून माझं नाव लागलं.

खोटं हाय ते. तू ओढ्यावर होतास. करंजाच्या झाडामागं मी उभी होते, तू वीस पावलांवर. एक कोकरू खांद्यावर घेऊन शीळ घालत होतास. माझ्या टाचा फुटलेल्या. मनात आलं, ह्यो मामाच्या घरात गरम भाकर खाणार आन् मी दिवाळी झाली की पुन्हा घाट उतरून कोकणात मरणार. मी हाकच मारली न्हाई. माघारी आले आन् आबांना म्हणाले, "न्हाई घावला."

गुरुजींना अजून दोन वाड्या करायच्या होत्या. म्हणाले, "मग हिचंच घालतो." जन्मतारीख टाकली एक जून. दुपारला मेंढी सुटली आन् तुम्ही निघालात.

शाळेत पोरं लढायांची सालं पाठ करत्यात. आपल्या घरचं साल एकच, सत्तर. त्यावरनं माझी दहावी, माझी नोकरी, माझ्या लेकीची नर्सिंग. आन् त्याच्यावरनंच तुझी तीस वर्सं कोकणची पायपीट, हायवेवर ट्रकखाली गेलेली मेंढरं, मोडलेला पाय. देवानं काय लिहिलं न्हाई रे. मी आठ वर्सांची होते, पण मला समजत होतं.

माफी मागत न्हाई. माफीनं तुला पाटी थोडीच मिळणार? पण तुझी चूक नसताना जे तुला नशीब वाटलं, ते तू आता पोरीच्या गळ्यात घालू नको. मी घालू देणार न्हाई.

मेंढरांची सोय केलीय. तुझा पाय धड होईस्तवर हे पाटसला येऊन राहतील. पोट सुटलंय, दम लागंल, पण धनगराचा गडी हाय, मेंढरू वळायला इसरला न्हाई. शुक्रवारी, तेरा तारखेला, जीपनं आम्ही दोघंही येतोय. शिव्या द्यायच्या तर समोर बसवून दे, मी खाली मान घालून ऐकीन. दार लावलंस तर ओट्यावर बसीन. पण सोमवारी सोळा तारखेला शाळा उघडंल तवा प्रगती इथं आठवीच्या वर्गात असणार, आन् तिला न्हेल्याबिगर मी पाटसातनं हलणार न्हाई.

पगे, रडू नको. दप्तर भर.

तुझ्या जाग्यावर शिकलेली,
गिता